झाकलेला पेला

१

मी एजंट आहे. घर, प्लॉट, शेत, दुकानाचा गाळा, जे विकायचं असेल ते. हा शब्द ऐकला की निम्म्या लोकांचं तोंड कडू होतं, मला ठाऊक आहे. ‘एजंट करतो काय, दार उघडतो आणि कमिशन घेतो,’ असं तोंडावर म्हणणारे आहेत. त्यातलेच काही वर्षभरानं भाऊबंदांच्या नोटिसा घेऊन माझ्या बारामतीच्या ऑफिसात येऊन बसतात. मी त्यांना चहा पाजते आणि मनातल्या मनात मनसोक्त हसते.

माझं नाव वहिदा बागवान. या धंद्यात बावीस वर्षं झाली. माझ्या दोन सवयी आहेत. पहिली, घर कितीही रिकामं असलं तरी कडी वाजवल्याशिवाय आत जायचं नाही. पिंपळीत एकदा ‘रिकाम्या’ घराचं कुलूप काढून गिऱ्हाइकासकट आत शिरले, तर मालकाचा मेव्हणा बनियनवर घोरत पडलेला. तेव्हापासून ही सवय. दुसरी सवय, निरोप घेताना प्रत्येकाला म्हणायचं, “बारामतीला आलात की घरी या, हां!” विकणारा, घेणारा, तलाठी, रिक्षावाला, कोणी असो. आमचे अय्युब मार्केट यार्डात केळी विकतात. ते म्हणतात, “वहिदा, एक दिवस समदी मिळून आली तर बसवायची कुठं?”

यंदा एप्रिलात इंदापुरातलं एक घर माझ्याकडं विकायला आलं. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, पुढं कडुनिंब. मालक रविराज पुण्याला असतात. दोन वर्षं घर बंद. लाईट तोडलेली, नळ तोडलेला. त्यांनी चावी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिली. मी विचारलं, “तुम्ही येणार का?” तर म्हणाले, “मला न्हाय जमणार. तुमीच बघा.”

बाराच्या उन्हात मी पोचले. कडी वाजवली, थांबले, कुलूप काढलं. आत तोच बंद घराचा वास, जमिनीवर बोटभर धूळ. मी खिडक्या उघडल्या, भिंतींना ओल आहे का बघितलं, नळ सोडून बघितला. नळ नुसता फुसफुसला.

आणि नळाशेजारी ओट्यावर स्टीलचा पेला होता. वर ताटली झाकलेली. ताटली काढली तर काठोकाठ पाणी. पेल्याला बाहेरून घाम सुटलेला, इतकं गार.

शेजारच्या बाईंनी मी येताना बघितलं असणार आणि मागच्या दारानं ठेवून गेल्या असणार, असं मला वाटलं. इंदापूरची माणसं मायाळू आहेतच. मी घटाघटा प्यायले, पेला पदरानं पुसला आणि ओट्यावर पालथा घातला.

बाहेर पडताना शेजारच्या बनाबाई ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, कान तिखट, तोंड त्याहून तिखट. मी म्हटलं, “मावशी, पाणी लई गोड होतं बघा.”

“कुठलं पाणी?” त्या म्हणाल्या. “कुलूप तर आत्ता तुमी काढलं न्हवं?”

२

मी भित्री नाही. आणि धंद्यात प्रत्येक गोष्टीला कारण असतं. विहिरीवर दुसऱ्याचा हक्क निघतो, भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत निघते, मेलेला चुलता जिवंत निघतो. म्हणून पुढच्या खेपेला मापं घ्यायला अय्युबना बरोबर नेलं.

कडी वाजवली, थांबले, कुलूप काढलं. सरळ स्वयंपाकघरात गेले.

दोन पेले. दोन्हींवर ताटल्या.

अय्युबनी मागचं दार बघितलं. आतून दोन कड्या, आणि कड्यांवर कोळ्याचं जाळं, न मोडलेलं. खिडकीचे गज हलवून बघितले. पोटमाळ्यावर टॉर्च मारला. धुळीत आमच्या दोघांच्याच चपलांचे ठसे होते.

“कुणाकडं तरी दुसरी चावी आसंल,” ते म्हणाले.

“मग धुळीत पाय कुठं आहेत त्याचे?”

अय्युबनी डोकं खाजवलं. मग पेला उचलला, वास घेतला आणि पिऊन टाकला. “वाळा घातलाय गं! वहिदा, हे घर आपुनच घिऊ. पाण्याची कटकट न्हाय, लाईटबिल न्हाय, शिवाय मानपान.”

मला हसू आलं. खरं सांगते, त्या घरात भीती अशी वाटायचीच नाही. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी देणारं घर वाईट कसं असेल? फक्त टेपचं दुसरं टोक धरून मी आतल्या खोलीकडं गेले, तेव्हा तिथलं अर्धवट लोटलेलं दार ढकलायचं माझ्यानं झालं नाही. आत कोणीतरी साडी नेसत असावं, अशा वेळी आपण जसे थबकतो तशी मी थबकले. खोलीचं माप मी अंदाजानं लिहिलं. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच केलं.

३

गिऱ्हाईक आलं तेही गोड. दीपक लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर, त्याची बायको रेश्मा बालवाडीत शिकवते. लग्नाला पाच वर्षं आणि भाड्याची चार घरं. रेश्माला घरातून एकच गोष्ट हवी होती.

“ताई, मला भिंतीत खिळा मारायचाय,” ती म्हणाली. “लग्नातलं भिंतीवरचं घड्याळ पाच वर्षं जुन्या साडीत गुंडाळून ठेवलंय. प्रत्येक घरमालक म्हणतो, खिळा मारायचा नाही, प्लॅस्टर पडतं.”

हे सांगताना ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. मी तिथंच ठरवलं, हिला भिंत मिळवून द्यायचीच.

आम्ही तिघं गेलो. ओट्यावर तीन पेले.

“अय्या ताई, पाणी पण ठेवलंत तुम्ही!” रेश्मा म्हणाली. “याला म्हणतात एजंट.”

इथं माझी चूक झाली, आणि ती मी लपवणार नाही. मी नुसती हसले. कौतुक कोणाला नको असतं? घरात जे जे असेल ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, एजंटचं खरं काम तेच. ओल असली तर ओल, भांडण असलं तर भांडण. पण हे काय म्हणून सांगायचं? मी गप्प बसले.

रेश्मा घरभर भिरभिरली. आतल्या खोलीचं दार तिनं सहज ढकललं, आत गेली, बराच वेळ थांबली. बाहेर आली ती खुशीत. मग तिनं आमचे तिघांचे पेले गोळा केले, पदरानं पुसले आणि एका ओळीत पालथे घातले.

“राहू दे गं,” मी म्हटलं.

“राहू दे कसं? तुम्ही पाहुणे,” ती म्हणाली.

दीपक हसला. मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

४

मग दोघांचे फोन बंद. रविराजसाहेबही फोन उचलेनात. हे लक्षण मला न कळायला मी काही काल धंद्यात आले नाही. एजंटला बाजूला काढून मालक आणि गिऱ्हाईक परस्पर भेटले होते. बागवानांची वहिदा कशाला मधे! मी दोन दिवस सगळ्यांवर खेकसले, अय्युबच्या केळ्यांवरसुद्धा.

तिसऱ्या दिवशी बनाबाईंचा फोन आला.

“बाई, तुमचं गिऱ्हाईक रोज येतंय की हितं.”

“दोघं?”

“न्हाय. ती एकटीच पोरगी. सकाळी येती, दिस कलल्यावर नवरा घिऊन जातो. कालपास्नं तर जाईच ना झालीया. म्या हाक मारली, चटणी दिऊ का म्हणलं, तर म्हणती कशी, घर उघडं टाकून कशी यिऊ, कुणी आलं तर?”

“कोण येतं मावशी तिच्याकडं?”

“कुणी न्हाय ओ. त्येच तर सांगतीया. दारात चिटपाखरू नसतंया आन ही आतनं वरडती, आले, आले! मंग भांडी वाजत्यात.” मग बनाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “एकटीचा आवाज न्हाय त्यो.”

माझा राग कुठल्या कुठं गेला. हा माझ्या गप्प बसण्याचा हिशेब होता आणि तो ती पोरगी चुकवत होती. मी अय्युबना टेम्पो काढायला लावला. वाटेतूनच बनाबाईंच्या फोनवर दीपकला गाठलं आणि थांबायला सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा तो गेटपाशी मोटरसायकल लावून उभा होता. दोन दिवसांची दाढी.

“ताई, चुकलं,” तो म्हणाला. “साहेब म्हणाले, एजंट कशाला मधी. विसार घेतला आणि त्यांच्याकडची दुसरी चावी दिली. रेश्माला बालवाडीची सुट्टी, म्हणाली साफसफाई करते. आता घरी चल म्हटलं तर मलाच पाणी देते आणि विचारते, ‘बसणार ना जरा?’” त्यानं घराकडं बघितलं. “मला वळखती, पण पाहुण्यासारखी बोलती ओ.”

मी त्याला तिथंच झापणार होते. पण त्याचं तोंड बघून जीभ आवरली. “तुम्ही दोघं गेटच्या बाहेर थांबा,” मी म्हटलं. “हे माझं काम आहे.”

५

मी कडी वाजवली.

“आले, आले!”

रेश्मानं दार उघडलं. पदर खोचलेला, चेहरा टवटवीत. घर लखलखीत, फरशीवर धुळीचा कण नाही. हॉलच्या भिंतीवर तिचं घड्याळ टिकटिक करत होतं.

“खिळा मारलास?” मी विचारलं.

“नाही ताई, होताच की. बरोबर तिथंच होता.”

मी त्या भिंतीची मापं घेतली होती. तिथं खिळा नव्हता.

ओट्यावर तीन पेले झाकून ठेवले होते. मी एकटी आत आले होते.

“ते दोघं बाहेर का उभे?” रेश्मा म्हणाली. “त्यांचं पण मांडलंय.”

“तुला कसं कळलं तिघं आलोय?”

“कळतं,” ती सहज म्हणाली. “आधी माझ्यासाठी पण असायचा एक. आता नसतो. घरच्या बाईला कोण पाणी देतं?”

“आणि दीपक?”

“तो बाहेरून येतो ना.”

मी नळाकडं बघितलं. तोटीला गंज चढलेला, खाली मोरी कोरडी ठाक. पाणी कुठून आणतेस, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात तिनं आतल्या खोलीकडं मान वळवली, जशी सून सासूकडं बघते, विचारून घेतल्यासारखी. मी प्रश्न गिळला.

तिला ओढून न्यायची नाही, हे मला कळत होतं. ओढलं तर हट्टाला पेटलेलं गिऱ्हाईक जास्तच घट्ट बसतं. त्याला त्याच्याच पायांनी उंबऱ्याबाहेर न्यावं लागतं. मी पदर खोचला.

“अगं, माणसं उन्हात उभी आहेत आणि तू गप्पा काय मारतेस?” मी दटावलं. “पाहुणा दाराशी आला नाही तर पाणी गेटवर नेऊन द्यावं. जा. हे दोन पेले घे. हितलं मी बघते.”

ती घुटमळली. “घर उघडं टाकून...”

“उघडं कुठं? मी आहे ना.”

तिनं पुन्हा आतल्या खोलीकडं बघितलं. मग माझ्या खोचलेल्या पदराकडं. तिला ते पटलं असावं. दोन्ही हातांत पेले घेऊन, पाणी सांडू न देता, ती दार ओलांडून ऊन पडलेल्या अंगणात गेली. मी खिडकीतून बघत होते. गेटपाशी दीपकनं पेला घेतला, आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. ती दचकली, कडुनिंबाकडं बघितलं, स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघितलं. मग एकदम रडायला लागली. अय्युबनी तिला टेम्पोत बसवलं.

मला हायसं वाटलं. आणि मग लक्षात आलं, की मी ओट्यापाशी उभी आहे आणि फडक्यानं ओटा पुसते आहे.

मला कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालला होता. बरं, भीती वाटावी तर तीही नाही. उलट फार बरं वाटत होतं, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. ऑफिस नाही, फोन नाही, कोणाचे टोमणे नाहीत. गार सावली, आणि येईल त्याला पाणी. बनाबाई आता ओसरीतून उठणार, दाराशी येणार, हे मला त्या उठायच्या आधी कळलं. एक पेला, असं मनात आलं. मी मागं वळले.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. उंबऱ्याच्या आत दोन पावलं होती. ओली. बाहेर परकी माणसं बसलेली असली की घरातली बाई जशी दाराआड थबकते, तशी. एक पाऊल पुढं होतं, दुसरं टाचेवर उचललेलं. मी नजर वर नेली नाही. कसलंही घर असो, बाईमाणसाला असं न्याहाळायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर धाडस झालं नाही.

“वहिदा!” गेटवरून अय्युबनी हाक मारली. “चल की!”

“घर उघडं टाकून कशी येऊ?” मी म्हणाले.

ते ऐकल्यावर माझी मला शुद्ध आली. मी जोरात जीभ चावली. एजंट कोणाच्याच घरची नसते. विकणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची नाही, ती मधे उभी असते. मी खोचलेला पदर सोडला. ओट्यावरचा तिसरा पेला माझा होता, पाहुणीचा. तो उभ्याउभ्या प्यायले, पुसला, पालथा घातला.

“बाई,” मी त्या पावलांना म्हटलं, आवाज शक्य तेवढा ऑफिसचा ठेवून, “हे गिऱ्हाईक जमणार नाही. लहान आहे ती पोरगी. राग मानू नका.”

एक टाच हळूच खाली टेकली.

मी घड्याळ भिंतीवरून उतरवलं, काखेत मारलं आणि पाठ न दाखवता दारापर्यंत मागं मागं आले. उंबरा ओलांडला. कुलूप घातलं. काम फत्ते झालं होतं. आणि काम फत्ते झालं की माझ्या तोंडून जे निघतं ते निघालं.

“बारामतीला आलात की घरी या, हां!”

टेम्पो निमगाव केतकीच्या पुढं गेल्यावर अय्युबनी विचारलं, “मघाशी कुणाला म्हणालीस?”

मी काच वर केली आणि पुढचा रस्ता बघत राहिले.

६

रविराजसाहेबांना मी फोनवर चांगलं फैलावर घेतलं. विसार परत करा, नाहीतर बनाबाईंना घेऊन पुण्याला येते, असं म्हटलं. ते एवढंच म्हणाले, “पेले किती होते?”

“तीन,” मी म्हटलं.

“माझ्यासाठी ठेवायचंच बंद झालं होतं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला. विसार दुसऱ्या दिवशी परत आला.

जूनमध्ये लोणी देवकरच्या जवळ दीपक-रेश्माला घर मिळवून दिलं. या खेपेला घर दहा वेळा बघितलं, सगळ्या खोल्यांची मापं स्वतः घेतली. ओट्यावर काही नव्हतं. नळाला पाणी होतं, थोडं खारट, तेही मी आधीच सांगून टाकलं. कमिशन नको म्हटलं तरी दीपकनं दिलंच, आणि वर म्हणाला, “ताई, एजंट कशासाठी असतो ते कळलं.”

वास्तुशांतीला आम्ही दोघं गेलो. रेश्मानं सगळ्यांसमोर पदर खोचून स्वतः खिळा ठोकला. प्लॅस्टर पडलं, हाताएवढं. ती टाळ्या पिटून हसली, दीपक हसला, भटजीसुद्धा हसले. घड्याळ लागलं. मी आयुष्यात पुष्कळ घरं विकली, पण इतकी खूश कधी झाले नाही.

७

परत बारामतीला पोचायला दुपार झाली. अय्युब टेम्पो लावत होते, म्हणून मी पुढं झाले. आमच्या दाराशी आले आणि सवयीनं कडी वाजवली. स्वतःच्याच घराची! माझं मलाच हसू आलं. कुलूप काढणार, तेवढ्यात आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मांजर असणार. आमच्याकडं मांजर नाही, शेजारच्यांचं असेल.

मी आत गेले. घर स्वच्छ होतं. सकाळी निघताना एवढं आवरून गेले होते का, ते आठवेना. स्वयंपाकघरात पडदा अर्धा ओढलेला, गार सावली.

ओट्यावर दोन पेले होते. दोन्हींवर ताटल्या.

दोन. अय्युबसाठी एक, आणि माझ्यासाठी एक. या ओट्यावर तीस वर्षं मी सगळ्यांना पाणी दिलं. मला कोणी देत नव्हतं, कारण मी घरची होते.

अय्युब घाम पुसत आत आले. त्यांनी ताटली काढली आणि एका दमात पेला संपवला.

“वाळा घातलास व्हय?” ते खुशीत म्हणाले. “जाताना ठिवून गेलीस, ब्येस केलंस.”

आमच्या झोपायच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. मी तिकडं बघितलं नाही. दुसरा पेला उचलला. उन्हातून आल्यावर दिलेलं पाणी नाकारायचं नसतं. मी सावकाश प्यायले, पेला पदरानं पुसला, पालथा घातला आणि पाहुण्यासारखी बाहेर खुर्चीच्या कडेवर बसले.